आळसाचा रकाना

गांजा ओढणारा मनुष्य आळशी होतो, असें आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. पण गांजामुळें आळस येतो कीं आळसामुळें गांजा जवळ येतो? इ. स. १८९३ सालीं ब्रिटिश पार्लमेंटांत गांजाविषयीं प्रश्न निघाला व हिंदुस्थान सरकारनें सात सभासदांचें कमिशन नेमलें. पैकीं तिघे एतद्देशीय होते. कमिशननें ११९३ साक्षीदारांचें म्हणणें नोंदविलें. ह्या व्यसनानें आळस जडतो काय, हेंही प्रश्नावलींत विचारलें होतें.

उत्तरें परस्परविरुद्ध आलीं. कोणी म्हणे, मनुष्य निकामी होतो. कोणी सांगे, श्रम हलके व्हावेत म्हणूनच मजूर चिलीम ओढतो. पुराव्यादाखल वेड्यांच्या इस्पितळांतील नोंदवह्या पुढें आल्या. त्या तपासतां दिसलें कीं, रोग्यास पोंचविणाऱ्या पोलिसानें सांगितलेलें कारणच पुष्कळदां रकान्यांत उतरलें होतें. खरें कारण ठाऊक नसलें म्हणजे 'गांजा' हा शब्द सोयीचा पडे! फेरतपासणींत १८९२ सालच्या अशा निम्म्याहून अधिक नोंदी टिकल्या नाहींत. १८९४ च्या अहवालाचा निष्कर्ष असा कीं, मित सेवन बहुधा निरुपद्रवी, अतिसेवन मात्र घातक.

कमिशनपुढें साक्षी होत्या. गांजांतील मादक द्रव्य कोणाच्याच हातीं नव्हतें. तें १९६४ सालीं इस्राएलांत राफाएल मेशूलम व येहिएल गाओनी यांनीं शुद्ध स्वरूपांत वेगळें केलें. पुढें १९९२ सालीं, त्याच जातीचें कार्य करणारें एक द्रव्य मेंदूंतच तयार होतें, असें आढळलें. संस्कृत 'आनंद' शब्दावरून त्याचें नांव आनंदामाइड ठेवलें. स्वयंपाकघरांतील भांड्यांचा आवाज ऐकतांच भूक खवळते; सुखाच्या अशा चाहुलीनें मनास जी ओढ लागते, तींत ह्या द्रव्यांचा हात असतो. २००६ सालीं युरोपांत त्यांची वाट अडविणारें स्थूलतेवरील एक औषध विक्रीस आलें. भूक मंदावली, परंतु कित्येकांस खिन्नतेनें ग्रासलें, आणि २००८ सालीं औषध मागें घ्यावें लागलें.

गांजा हीच वाट बाहेरून व्यापतो. नित्य ओढणाऱ्याच्या मेंदूंत हीं द्रव्यें ग्रहण करणारीं स्थानें घटतात. मात्र सुमारें महिनाभर व्यसन सोडल्यास तीं बहुतांशीं पूर्ववत् होतात. उत्साह कोणामुळें मावळला, हा वाद अद्याप मिटलेला नाहीं. तोंपर्यंत आपण तरी रकाना भरतांना घाई करूं नये. मेंदू महिन्याभरांत सांवरतो. माणसावर बसलेला शिक्का मात्र आयुष्यभर पुसला जात नाहीं.