द्यूताचा पट आणि रूपेरी पडदा

द्यूताची कथा आपल्याकडे प्रथम धर्मग्रंथात आली, नंतर रंगभूमीवर आणि सर्वांत शेवटी पडद्यावर. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील अक्षसूक्तात जुगाऱ्याचा विलाप आहे. त्या काळचे फासे म्हणजे विभीतकाची, म्हणजेच आपल्या बेहड्याची फळे. पांढुर्णा-सौंसरच्या उत्तरेस सातपुड्याच्या रानात बेहडा आजही विपुल आढळतो. त्याच्या फळाचे त्रिफळाचूर्ण घेणाऱ्यास मात्र या पूर्वेतिहासाची कल्पना क्वचितच असते.

याच बेहड्याखाली महाभारतातील एक विलक्षण प्रसंग घडतो. विदर्भकन्या दमयंतीचा पती नल आपला भाऊ पुष्कर याच्याकडून राज्य हरतो. पुष्कर दमयंतीला पणास लावण्यास सुचवितो, तेव्हा नल उत्तर न देता एका वस्त्रानिशी बाहेर पडतो. पुढे अयोध्येचा राजा ऋतुपर्ण याचा सारथी होऊन तो विदर्भाकडे रथ हाकीत असता ऋतुपर्ण वाटेतल्या बेहड्याची पाने व फळे धावत्या रथातून अचूक सांगतो. नल झाड तोडून मोजतो, तो संख्या जुळते! अश्वविद्येच्या मोबदल्यात त्याला ऋतुपर्णाकडून ही अक्षविद्या मिळते आणि त्याच्या अंगात शिरलेला कली बाहेर पडून त्या झाडात आश्रय घेतो. पुष्कराशी पुन्हा एकच डाव खेळून नल सारे परत मिळवितो, आणि भावाला क्षमा करतो. ते कुंडिनपूर म्हणजे वर्धाकाठचे कौंडिण्यपूर, असे परंपरा सांगते. आणि ती वर्धा उगम पावते ती आपल्या शेजारच्या मुलताईच्या डोंगराळ मुलखात.

ही कथा बृहदश्व ऋषी सांगतात ती द्यूतात सर्वस्व गमावलेल्या युधिष्ठिराला. नलाने जे पणास लावण्याचे नाकारले तेच युधिष्ठिराने लावले होते. स्वतःला आधी हरलेल्या माणसास पत्नी पणाला लावण्याचा अधिकार उरतो काय, या द्रौपदीच्या प्रश्नाला कौरवसभेत सरळ उत्तर मिळाले नाही. शकुनीचे कपट खरेच. पण एकदा होरपळल्यावर दुसऱ्या निमंत्रणालाही धर्मराज गेला, ही गोष्ट महाभारतकाराने झाकलेली नाही.

मराठी रंगभूमीने द्यूत दोन तऱ्हांनी हाताळले. खाडिलकरांच्या 'द्रौपदी'ने (1920) राजसभा उभी केली. देवलांचे 'मृच्छकटिक' ज्या शूद्रकाच्या नाटकावर उभे आहे, त्यात मात्र गल्लीतला जुगार येतो. दहा सुवर्णनाणी हरलेला संवाहक ओस देवळात मूर्ती होऊन उभा राहतो. पाठलाग करणारे त्याला ओळखून समोरच डाव मांडतात, आणि फाशांचा आवाज कानी पडताच ही 'मूर्ती' खेळायला धावते. व्यसनाचे इतके हसरे आणि इतके निर्दय चित्र संस्कृत नाटकात दुसरे सापडणे कठीण.

1929 साली हिमांशु राय व जर्मन दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन यांनी 'प्रपंच पाश' हा मूकपट काढला. दोन राजे, एका आश्रमातील कन्या आणि कपटाचे फासे, अशी त्याची कथा. राजस्थानातील चित्रण भव्य आहे. हत्ती, घोडे, जनसमुदाय, कशाचीही उणीव नाही. परंतु कथेने सोपी वाट धरली. फाशांतली लबाडी उघड होते, प्रजा उठते, नायक निर्दोष ठरतो. फासे खरे असते तर राज्य गमावल्याचा दोष कोणाचा, हा प्रश्न चित्रपटाने विचारलाच नाही.

तो प्रश्न विचारला एका अमेरिकन चित्रपटाने. नॉर्मन ज्युइसन यांचा 'द सिनसिनाटी किड' (1965) न्यू ऑर्लिन्समधील पोकरच्या डावाभोवती फिरतो. तरुण किड (स्टीव्ह मॅक्वीन) आणि बुजुर्ग खेळाडू लॅन्सी हॉवर्ड (एडवर्ड जी. रॉबिन्सन) यांची ही झुंज. पाने वाटणारा किडचाच मित्र, धाकापोटी, त्याच्या बाजूने लबाडी करू लागतो. किडच्या ते ध्यानात येते आणि तो मित्राला पिसण्यावरून दूर करतो. चित्रपटाचा प्राण येथे आहे. यापुढे जय आला तर तो त्याचा, पराजय आला तर तोही त्याचाच. शेवटच्या डावात किडजवळ तीन एक्के व दोन दश्शे, म्हणजे जवळजवळ अजिंक्य पाने. लॅन्सीजवळ मात्र चौकटची सलग पाच. बावन्न पानांतून पाच पाने 25,98,960 प्रकारे निघतात आणि एकाच रंगाची सलग पाच त्यांपैकी अवघ्या 40 प्रकारे. किड हरतो. दोष द्यायला शकुनी नाही, कली नाही.

कौशल्य किती आणि दैव किती, हा ऋतुपर्णाच्या झाडाखालचा वाद न्यायालयांतही गेला. 1867 च्या जुगार कायद्याने निव्वळ कौशल्याच्या खेळांना सूट दिली. 1967 साली सर्वोच्च न्यायालयाने रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरविला, तीन पत्तीला तो मान दिला नाही. 2025 च्या केंद्रीय कायद्याने मात्र पैसे लावून खेळावयाचे ऑनलाइन खेळ बंद करताना हा भेदच पुसून टाकला.

आपल्या भागात पोळ्याच्या सुमारास पत्त्यांचे डाव बसतात, हे काही गुपित नाही. पाऊस बघून संत्र्याची बाग उभ्यानेच विकणारा बागाईतदार आपण जुगार खेळतो असे कधी म्हणत नाही. त्याची मोजणी ऋतुपर्णासारखीच असते, झाडाकडे नुसते बघून. फक्त नलाप्रमाणे झाड तोडून ती पडताळण्याची सोय त्याला नसते.