कानापासून चावडीपर्यंत : हेडफोन, स्पीकर आणि खोडद

विषय वरकरणी साधा आहे. कॉम्प्युटरचा आवाज आपण कधी हेडफोनवर घेतो, कधी स्पीकरवर. एक क्लिक केलं की झालं. पण या क्लिकमागे शंभर वर्षांचा एक प्रश्न आहे : ऐकायचं कुणी, एकट्याने की सगळ्यांनी? आज आपण खोडदला, रेडिओ दुर्बिणीच्या गावात जमलो आहोत, म्हणून हा प्रश्न रेडिओच्या इतिहासातूनच पाहू.

सुरुवात हेडफोनपासून झाली. सुरुवातीच्या क्रिस्टल सेटला ना बॅटरी, ना विजेचं कनेक्शन. अँटेनाने हवेतून पकडली तेवढीच शक्ती, आणि तिच्यात कानाजवळची पातळ चकती जेमतेम हलायची. म्हणजे एकट्याने ऐकणं ही तेव्हा आवड नव्हती, नाइलाज होता. पुढे व्हॉल्व्ह आले, आवाज वाढवता आला. १९२५ साली राइस आणि केलॉग यांनी हलत्या कॉइलच्या स्पीकरची रचना मांडली. आजचे बहुतेक स्पीकर त्याच तत्त्वावर चालतात. दोन वर्षांनी, २३ जुलै १९२७ रोजी, मुंबईचं प्रसारण केंद्र सुरू झालं.

आता निवड करता येऊ लागली. हेडफोनचा प्लग आला टेलिफोन एक्स्चेंजमधून. रेडिओत, टेपरेकॉर्डरमध्ये तो खुपसला की जॅकमधली पत्ती उचलली जायची आणि स्पीकर बंद पडायचा. हा बदल हाताला कळायचा. आजच्या कॉम्प्युटरमध्ये प्लग लागल्याची फक्त वर्दी जाते. आवाज कुठे पाठवायचा ते बहुधा सॉफ्टवेअर ठरवतं. म्हणूनच कधी कधी प्लग लावूनही आवाज भलतीकडूनच येतो, आणि आपल्याला सेटिंगमध्ये जाऊन हवं ते साधन निवडावं लागतं.

स्पीकरने काय साधलं, याचं उत्तम उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. १९५६ साली युनेस्कोच्या मदतीने पुणे आकाशवाणीने शेतकऱ्यांसाठी श्रोता मंडळांचा प्रयोग केला. पुण्यासह पाच जिल्ह्यांतली सुमारे दीडशे गावं त्यात होती. आठवड्यातून दोनदा वीसेक माणसं एका रेडिओभोवती बसायची, ऐकायची, मग आपसात चर्चा करायची आणि आपले प्रश्न केंद्राला कळवायची. हेच कार्यक्रम हेडफोनवर ऐकले असते तर माहिती तीच मिळाली असती. चर्चा मात्र झाली नसती.

मग हेडफोन कमी दर्जाचा का? मुळीच नाही. १९३२ साली अमेरिकेत कार्ल जान्स्की रेडिओतल्या खरखरीचा शोध घेत होते. विजांचा कडकडाट त्यांनी बाजूला काढला, तरी हेडफोनमध्ये एक मंद, अखंड फुसफुस उरली. ती इतकी क्षीण, की यंत्राच्या स्वतःच्या आवाजातून वेगळी काढणं मुश्कील. कागदावरच्या नोंदींशी ताडून पाहिल्यावर कळलं, ती आकाशगंगेतून येत होती. रेडिओ खगोलशास्त्र इथून सुरू झालं. आणि १५ मे १९३३ रोजी एनबीसीने तीच फुसफुस प्रसारित केली. एकाच्या कानातली गोष्ट घरोघरच्या स्पीकरवर गेली!

खोडदची जीएमआरटी ही त्याच परंपरेतली. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या या दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. इथे मात्र कानाला हेडफोन लावून कुणी संशोधन करत नाही. रेडिओलहर म्हणजे ध्वनी नव्हेच. अँटेनांकडून आलेल्या संकेतांचे इथे आकडे होतात. पण त्या आकड्यांतला चढउतार पुन्हा ध्वनीत उतरवता येतो. वेला पल्सार सेकंदाला सुमारे अकरा वेळा फिरतो, तो ठकठक ऐकू येईल. जीएमआरटीने एनजीसी १८५१ या तारकागुच्छात शोधलेला पल्सार सेकंदाला सुमारे दोनशे वेळा फिरतो. इतके ठोके कानाला सुटे कळत नाहीत, त्यांचा एक सूर होतो.

तेव्हा आम्हाला वाटतं ते इतकंच. बारकावा पकडायला हेडफोन हवा. पकडलेलं सगळ्यांचं व्हायला स्पीकर हवा. आज प्रत्येकाच्या कानात स्वतंत्र इअरफोन आहे. ऐकणं वाढलं, पण ऐकून झाल्यावर शेजाऱ्याशी बोलणं कमी झालं. विज्ञानाला दोन्ही लागतं. दरवर्षी राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास या दुर्बिणीची दारं सगळ्यांसाठी उघडतात, आसपासच्या शाळांची मुलं येतात, तो आमच्या लेखी खोडदचा स्पीकरच आहे. तो चालू राहिला पाहिजे.