अबेओकुटा स्त्री-संघ

अबेओकुटा स्त्री-संघ : वासाहतिक नायजेरियात स्त्रियांवरील कराविरुद्ध आणि स्थानिक कारभारातील प्रतिनिधित्वासाठी लढलेली संघटना.

नैर्ऋत्य नायजेरियातील अबेओकुटा शहरात १९१८ पासून स्त्रियांवर स्वतंत्र कर होता. कारभारात मात्र त्यांना स्थान नव्हते. मुलगी करपात्र वयाची आहे का, हे ठरवण्यासाठी वसुली करणारे तिचे कपडेही उतरवीत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बाजारातील विक्रेत्या स्त्रियांचा तांदूळ जप्त होऊ लागला. शिक्षिका फुन्मिलायो रॅन्सम-कुटी (१९००–७८) यांनी सुशिक्षित स्त्रियांचे मंडळ या विक्रेत्यांना खुले केले व त्यातून १९४६ मध्ये संघ स्थापन झाला.

अर्ज-निवेदने, करनकार, हिशेबतपासणीची मागणी आणि स्थानिक राजाच्या राजवाड्यासमोरील धरणे ही संघाची साधने होती. १९४७ च्या अखेरीस हजारो स्त्रिया गाणी गात राजवाड्यासमोर ठाण मांडून बसल्या. परिणामी १९४८ मध्ये स्त्रियांवरील कर स्थगित झाला आणि जानेवारी १९४९ मध्ये ब्रिटिशांच्या पाठिंब्यावर कारभार करणारे अलाके (राजे) अडेमोला यांनी पदत्याग केला. त्यानंतरच्या हंगामी कारभार मंडळात स्त्रियांना जागा मिळाल्या.

बाजारातील निरक्षर व शहरातील सुशिक्षित स्त्रियांची एकजूट हे या लढ्याचे वैशिष्ट्य. पुढे १९४९ मध्ये संघाला देशव्यापी रूप देण्यात आले. देशातील सर्व स्त्रियांना मताधिकार मिळण्यास मात्र वेळ लागला; उत्तर नायजेरियातील स्त्रियांना तो १९७६ मध्ये मिळाला. (पहा : इग्बो स्त्रियांचे बंड, १९२९, नायजेरिया, स्त्री-मताधिकार).