बँडवाल्याच्या डगल्याची कुळकथा

नागपूरचं सदर, साताऱ्याची सदर बझार पेठ, तसाच झाशीचा सदर बाजार. पलटणीची छावणी पडली की तिला दाणागोटा पुरवणारी पेठ शेजारी वसायची. आणि छावणी म्हटली की बँड आला: लाल डगला, खांद्यावर सोनेरी झुबके, छातीवर जरीच्या आडव्या दोऱ्या.

संस्थानिकांनी हा थाट उचलला, मग लग्नघरांनी. नादिर अली या लष्करी बँडमधल्या माणसाने १८८५ मध्ये मेरठला वाद्यांची पेढी काढली. वरातीतली पितळी वाद्यं आजही मुख्यतः तिथलीच. एरवी वाजंत्र्याला कोण विचारतो? डगला चढला की तोच ‘मास्टर’ होतो.

त्याच डगल्याची दुसरी पाती विलायतेत वाढली. नोव्हेंबर १९६६ मध्ये विमानप्रवासात ‘बीटल्स’ या इंग्लिश बँडमधल्या पॉल मॅकार्टनीच्या डोक्यात आलं, आपण बीटल्स नाहीच, जुन्या काळचा लष्करी बँड आहोत असं सोंग घ्यायचं. त्यातून १९६७ मध्ये ‘सार्जंट पेपर’ ही तबकडी निघाली. रॉक संगीताला कलाकृती मानणाऱ्या ‘आर्ट रॉक’चा जन्म पुष्कळ जण तिथूनच मोजतात. मुखपृष्ठावर चौघांचे सॅटिनचे डगले: जॉन लेनन पोपटी, पॉल निळा, जॉर्ज शेंदरी, रिंगो गुलाबी.

लेननच्या छातीवरची पदकं मात्र खरी होती. बीटल्सनी काढून टाकलेला ड्रमवादक पीट बेस्ट मद्रासला जन्मलेला, त्याची आई मोना दिल्लीची. पदकं तिच्या वडिलांची, हिंदुस्थानात नोकरी केलेल्या मेजर शॉ यांची. लेननने ती तिच्याकडून मागून आणली. ज्याला हाकललं त्याच्याच आजोबांची पदकं मागायची, म्हणजे धीर दांडगाच! याच मुखपृष्ठावर गांधीजीही होते. हिंदुस्थानात गहजब होईल या धास्तीने कंपनीने ते पुसायला लावले. गांधी गेले, पदकं राहिली.

आत दिलरुबा, तबला, स्वरमंडळ आणि विलायती व्हायोलिनं एकाच गाण्यात आहेत. समीक्षक याला क्रांती म्हणाले. आपला बँडवाला कुठलंही गाणं कुठल्याही वाद्यावर बिनदिक्कत उतरवतो, त्याला कुणी काही म्हणत नाही. ‘नागिन’ (१९५४) मधली ती पुंगी पुंगी नव्हतीच. कल्याणजींनी वाजवलेलं ते क्लॅव्हिओलिन, विजेवर चालणारं छोटं वाद्य. बँडवाल्यांनी त्याचा सूर क्लॅरिनेटवर घेतला आणि वरातींना नागीण डान्स मिळाला. १९६७ मध्येच लेननने ‘बेबी यू आर अ रिच मॅन’मध्ये क्लॅव्हिओलिन वाजवलं. त्यावर लंडनमध्ये कुणी तोंडात रुमाल धरून जमिनीवर लोळल्याचं ऐकिवात नाही.