फिश फाइंडर कसा काम करतो? ट्रोलिंग, पाण्याचे थर आणि स्क्रीनवरची मधली रेघ

'ट्रोलिंग' म्हटलं की आपल्याला सोशल मीडियावरची भांडणं आठवतात. पण मासेमारीत हा शब्द खूप आधीपासून आहे. चालत्या होडीमागे आमिष लावलेली गळाची दोरी सोडायची आणि होडी हळूहळू पुढे नेत राहायची, याला ट्रोलिंग म्हणतात. १९९० च्या दशकात युजनेटवर जुने सदस्य मुद्दाम भाबडे प्रश्न टाकून नवख्यांना गळाला लावायचे आणि त्यालाही ट्रोलिंगच म्हणायचे. कोकणातले ट्रॉलर करतात ते 'ट्रॉलिंग' मात्र वेगळं. त्यात मोठं जाळं ओढत नेतात.

आज आपण बघणार आहोत या गळाच्या ट्रोलिंगमागचं तंत्रज्ञान: फिश फाइंडर काय मोजतो, स्क्रीनवरची मधली रेघ कसली असते, आणि अमेरिकेतल्या व्हिडिओत सांगितलेला नियम आपल्या धरणांवर तसाच लावला तर काय होतं.

हंगामअखेरीचं ट्रोलिंग म्हणजे काय?

अमेरिका आणि कॅनडाच्या सीमेवर पाच प्रचंड मोठे तलाव आहेत, त्यांना ग्रेट लेक्स म्हणतात. तिथला लेक ट्राउट हा मूळचा मासा. सॅमन मात्र बाहेरून आणलेला: मिशिगन राज्याने १९६६ मध्ये कोहो आणि १९६७ मध्ये चिनूक जातीची पिल्लं सोडली.

हे दोन्ही थंड पाण्यातले मासे. साधारण १० ते १३ अंश सेल्सिअसच्या आसपासचं पाणी त्यांना मानवतं. उन्हाळ्यात तलावाचा वरचा थर तापला की ते खोल जातात. मग आमिष नेमकं ३० मीटरवर न्यायचं कसं? त्यासाठी 'डाउनरिगर' वापरतात. हा एक रहाट असतो, त्यावर तारेची गुंडाळी आणि तारेच्या टोकाला चार-पाच किलोचं वजन. गळाची दोरी वजनाजवळ चिमट्यात अडकवतात. मासा लागला की चिमटा सुटतो आणि मासा फक्त दोरीवर उरतो. होडीचा वेग माणसाच्या चालीइतका, म्हणजे ताशी ३ ते ५ किलोमीटर. लेक ट्राउटसाठी त्याहून थोडा कमीच.

इथे एक गणित लक्षात ठेवा. होडी चालत असल्यामुळे तार सरळ खाली जात नाही, तिरकी होते. ३० मीटर तार सोडली आणि ती २० अंश तिरकी झाली, तर वजन प्रत्यक्षात २८ मीटरवरच असतं.

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये चित्र बदलतं. वरचं पाणी गार होतं. चिनूक अंडी घालायला नद्यांच्या मुखाशी गोळा होतात आणि लेक ट्राउट खडकाळ उथळ भागाकडे सरकतात. खोलीचा उन्हाळी हिशेब इथे मोडतो. म्हणून हंगामअखेरीला नुसती जुनी खोली आठवून चालत नाही, रोज नव्याने मोजावं लागतं.

पाण्यात थर का पडतात?

गरम पाणी हलकं, ते वर राहतं. थंड पाणी जड, ते खाली. या दोघांच्या मध्ये एक पातळ पट्टा असतो, तिथे थोड्या मीटरमध्ये तापमान झपाट्याने उतरतं. याला थर्मोक्लाइन म्हणतात. आपण त्याला 'तापमानाची पायरी' म्हणू.

गंमत म्हणजे गरम देशात फार फरक नसला तरी ही पायरी घट्ट बसते. पाणी ४ वरून ५ अंशांवर गेलं तर त्याची घनता नगण्य कमी होते. २४ वरून २५ वर गेलं तर ती त्याच्या जवळपास ३० पट कमी होते. म्हणजे आपल्याकडच्या धरणात वर-खाली दोन-तीन अंशांचाच फरक असला तरी दोन थर एकमेकांत सहज मिसळत नाहीत.

फिश फाइंडर काय मोजतो?

फक्त वेळ आणि प्रतिध्वनीची ताकद. होडीच्या तळाला लावलेला ट्रान्सड्यूसर आवाजाची एक टिचकी खाली सोडतो आणि प्रतिध्वनीची वाट बघतो. गोड्या पाण्यात आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे १,४८० मीटर. तळ ३० मीटरवर असेल तर जाऊन-येऊन ६० मीटर, म्हणजे अंदाजे ०.०४ सेकंद. एवढाच हिशेब.

मासा दिसतो तो मुख्यतः त्याच्या पोटातल्या हवेच्या पिशवीमुळे. मांस आणि पाणी यांची घनता जवळपास सारखी, त्यामुळे मांसावरून आवाज फारसा परतत नाही. हवेवरून जोरात परततो.

आवाज सरळ रेषेत जात नाही, टॉर्चच्या झोतासारखा पसरतो. झोत २० अंशांचा असेल तर ३० मीटर खोलीवर त्याचा घेर साधारण साडेदहा मीटरचा होतो. ६० अंशांचा असेल तर जवळपास ३५ मीटरचा. म्हणून स्क्रीनवर दिसलेला मासा होडीच्या बरोबर खालीच आहे असं समजू नका.

स्क्रीन कशी वाचायची?

- उजवी कड म्हणजे 'आत्ता'. डावीकडचं सगळं होऊन गेलेलं. तो नकाशा नाही, ग्राफ आहे.
- मासा कमानीसारखा दिसतो, कारण झोतात शिरताना तो लांब असतो, मध्यावर जवळ येतो आणि जाताना पुन्हा लांब. ३० मीटरवरचा मासा ५ मीटर बाजूला असेल तर तो सुमारे ४० सेंटीमीटर जास्त खोल दिसतो.
- होडी आणि मासा दोन्ही स्थिर असतील तर कमान होत नाही, लांब रेघ दिसते. मोठी कमान म्हणजे मोठा मासा असंही नाही.
- माशाची छोटी चित्रं दाखवणारा मोड बंद ठेवा. सॉफ्टवेअर अंदाज करून ती चित्रं काढतं. फांदी आणि बुडबुडेसुद्धा 'मासा' होतात.

मधली रेघ आणि तिचा उलटा अर्थ

पाटण तालुक्यातल्या एका धरणावर माझे मामा मासेमारी करतात. त्यांनी मला स्क्रीनचा फोटो पाठवून विचारलं होतं, "तळ तर खाली दिसतोय, मग ही मधली रेघ कसली रे?" अख्ख्या स्क्रीनभर आडवी, धूसर रेघ. मासा नव्हे, गाळही नव्हे.

अशी रेघ बहुतेक वेळा तापमानाच्या पायरीची असते. तिथे घनता बदलते आणि बारीक जीव, कचरा अडकून राहतो. त्यावरून आवाज थोडा परततो. सेन्सिटिव्हिटी वाढवली की ती जास्त स्पष्ट होते.

आता महत्त्वाचा मुद्दा. ट्राउट-सॅमनच्या व्हिडिओत सांगतात, "रेघेच्या आसपास आणि खाली शोधा." त्यांच्या खोल, स्वच्छ तलावात ते बरोबर आहे, कारण खालचं पाणी थंडही असतं आणि त्यात ऑक्सिजनही टिकून असतो. रेघ म्हणजे माशांच्या डोक्यावरचं छप्पर.

आपल्याकडे रोहू, कटला, मृगळ, चिलापी हे गरम पाण्यातले मासे. त्यांना थंडाव्यासाठी खाली जायची गरज नाही. उलट, पायरी घट्ट बसली की वरची हवा खाली पोचत नाही, आणि तळाशी कुजणारा पाला उरलासुरला ऑक्सिजन खाऊन टाकतो. उन्हाळ्यात अशा धरणात रेघ म्हणजे माशांच्या पायाखालची जमीन असते. तिच्याखाली कांडाळी जाळं लावलं तर रात्रभराची मेहनत आणि डिझेल वाया जाण्याची शक्यता जास्त. नियम पाठ करू नका, त्याचं कारण लक्षात ठेवा: मासा तिथे असतो जिथे त्याला सोसणारं तापमान आणि पुरेसा ऑक्सिजन दोन्ही मिळतात.

आपल्याकडचं वर्ष

मार्च ते मे: वरचा थर तापलेला, पायरी पक्की. पाणीपातळी रोज उतरत असते, त्यामुळे मागच्या आठवड्याची खोली या आठवड्यात लागू नाही.

जून ते सप्टेंबर: कोयनानगरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. गढूळ, गार पाण्याचे लोंढे येतात आणि थरांची उलथापालथ होते. पुराच्या पाण्यात होडी घालू नका, यंत्र काहीही दाखवो.

ऑक्टोबर: ऊन तापलं की वर पुन्हा नवा थर तयार होतो.

दिवाळीनंतर ते जानेवारी: रात्री गार झाल्या की वरचं पाणी जड होऊन खाली जातं, पायरी मोडते आणि रेघ विरळ होते. हा आपला 'हंगामअखेर'. मासे जास्त खोलीवर पसरू शकतात, आणि तेव्हा खोल जाळं लावण्यात अर्थ असतो. मात्र अचानक मिसळण झाली आणि तळाचं खराब पाणी वर आलं तर मासे मरूही शकतात. सकाळी मासे पृष्ठभागावर तोंड उघडझाप करताना दिसले तर ते ऑक्सिजन कमी झाल्याचं लक्षण समजा.

रेघ खरी आहे का? स्वस्तात तपासा

बऱ्याच फिश फाइंडरमधला तापमानाचा सेन्सर फक्त पृष्ठभागाचं तापमान सांगतो. खालचं तापमान आपणच मोजायचं.

डीएस१८बी२० नावाचा जलरोधक सेन्सर काही शे रुपयांत मिळतो. तो लांब वायरला जोडा, वायरवर दर मीटरला खूण करा, टोकाला शिसं बांधा. ईएसपी३२ सारख्या बोर्डाला जोडताना ४.७ किलोओहमचा रेझिस्टर लागतो. वायर लांब झाल्यावर रीडिंग अडखळलं तर कमी किंमतीचा रेझिस्टर लावून बघा. प्रत्येक खोलीवर दोन मिनिटं थांबा. अचानक ८५ अंश दिसलं तर पाणी उकळत नाहीये, सेन्सर सुरू होताना तोच आकडा देतो. सेन्सर अर्धा अंश इकडे-तिकडे दाखवेल, पण आपल्याला फरक हवा आहे आणि सगळीकडे सेन्सर तोच आहे, त्यामुळे चालतं.

इलेक्ट्रॉनिक्स नको असेल तर वजन बांधलेली काचेची बाटली, बुचाला वेगळी दोरी. १० मीटरपर्यंत सोडा, दोरीला झटका देऊन बूच काढा, भरली की पटकन वर ओढा आणि थर्मामीटर बुडवा. पाण्याला सडक्या अंड्यासारखा वास आला तर त्या खोलीवर ऑक्सिजन नाही. जाळं त्याच्या वर लावा.

मग फिश फाइंडर घ्यावा का?

माझं मत: आधी एक हंगाम तापमान मोजा. खोली, तारीख, तापमान, किती मासा मिळाला, हे वहीत लिहा. तारळी, मोरणा-गुरेघर किंवा उत्तरमांड, प्रत्येक धरणाचा आकार आणि तळ वेगळा, त्यामुळे ती वही दुसरीकडून मिळणार नाही. त्यानंतरही तळाचा चढ-उतार, बुडालेल्या भिंती, झाडांचे बुंधे कळत नसतील, आणि जाळी अडकून फाटत असतील, तर यंत्राचे पैसे वसूल होतील. फक्त मासे 'दिसावेत' म्हणून घेत असाल तर थांबा.

आणि कुठल्याही पाण्यात जाण्याआधी परवानगी बघा. धरणांतल्या मासेमारीचा ठेका बहुधा सहकारी संस्थांकडे असतो. शिवसागरच्या बाजूला कोयना अभयारण्य आणि सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आहे, धरणाजवळ सुरक्षेचे निर्बंध वेगळे. गळाला खडशी, म्हणजे आपला दख्खनचा महाशीर लागला, तर पाण्यातच ठेवून गळ काढा आणि सोडून द्या. १८३९ मध्ये कर्नल साइक्सने या माशाचं शास्त्रीय वर्णन केलं ते पुण्याच्या मुळा-मुठेतल्या माशावरून. त्या नद्यांची आजची अवस्था आपण बघतोच.