चौकट आणि भिंत : गॅलरी केमोल्डमधील चित्रकारांची अपारंपरिक तंत्रे (१९६३ ते २००७)

प्रास्ताविक

आधुनिक महाराष्ट्राच्या कलेतिहासाचे लेखन बहुतांशी चित्रकार आणि त्यांचे संप्रदाय यांच्या अंगाने झालेले आहे. चित्र कोणी काढले, कोणत्या शैलीत काढले, त्यावर पश्चिमेचा प्रभाव किती, या प्रश्नांची चर्चा विपुल झाली. चित्र कशावर काढले, कोणत्या द्रव्याने काढले आणि ते कोठे टांगले, हे प्रश्न मात्र तांत्रिक म्हणून बाजूला राहिले. वस्तुतः द्रव्य, पृष्ठभाग आणि जागा या तीन गोष्टींतून चित्राचा सामाजिक अर्थ ठरत असतो. मुंबईतील गॅलरी केमोल्ड या कलादालनाचा इतिहास या दृष्टीने पाहिला असता ‘अपारंपरिक तंत्र’ हा शब्दप्रयोगच तपासून घ्यावा लागतो. १९६३ मध्ये जहांगीर कलादालनाच्या पहिल्या मजल्यावर सुरू झालेले हे दालन २००७ मध्ये फोर्ट भागातील प्रेस्कॉट रोडवर स्थलांतरित झाले. प्रस्तुत लेखाचा विषय या चव्वेचाळीस वर्षांतील काही निवडक प्रसंग हा आहे.

चौकटीच्या कारखान्यातून दालनाकडे

केमोल्ड हे नाव चित्रकलेतून आलेले नाही. केकी उर्फ केकू गांधी (१९२०–२०१२) हे केंब्रिजमध्ये शिकत असलेले पारशी तरुण दुसऱ्या महायुद्धामुळे परत जाऊ शकले नाहीत. १९४१ मध्ये रॉजर व्हॅन डॅम या बेल्जियन गृहस्थाच्या साहाय्याने त्यांनी चित्रांच्या चौकटी तयार करण्याचा व्यवसाय सुरू केला. ‘केमिकल’ आणि ‘मोल्डिंग’ या दोन शब्दांच्या जोडातून ‘केमोल्ड’ हे व्यापारी नाव सिद्ध झाले. चौकटीच्या दुकानात चौकट रिकामी टांगण्यापेक्षा तीत चित्र असलेले बरे, या साध्या व्यवहारबुद्धीतून प्रिन्सेस स्ट्रीटवरील विक्रीदालनात तरुण चित्रकारांची चित्रे लागू लागली. हे तरुण म्हणजे पुढे प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपमुळे (१९४७) ज्ञात झालेले चित्रकार होत. नाझी राजवटीच्या काळात युरोप सोडून मुंबईत आलेले वॉल्टर लँगहॅमर, रुडॉल्फ फॉन लायडन आणि इमॅन्युएल श्लेसिंगर या तिघांनी या चित्रकारांना दृष्टी, समीक्षा आणि गिऱ्हाईक मिळवून दिले, ही गोष्ट आता सर्वमान्य आहे.

सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून १९५२ मध्ये जहांगीर कलादालन उभे राहिले. त्याच्या उभारणीसाठी खटपट करणाऱ्यांत केकू गांधी होते. त्यानंतर अकरा वर्षांनी त्याच वास्तूत त्यांनी व त्यांच्या पत्नी खोरशेद गांधी यांनी स्वतःचे छोटेसे दालन उघडले. तळमजल्यावर भाडे भरून कोणीही आपले प्रदर्शन मांडावे आणि वरच्या मजल्यावर दालनाने स्वतः निवडलेला चित्रकार दाखवावा, असा हा शेजार होता. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. चौकट म्हणजे चित्राला भिंतीपासून सोडवणारी, उचलून नेता येईल, विकता येईल अशी वस्तू बनवणारी युक्ती. जे दालन या युक्तीच्या व्यापारातून जन्मले, त्याच दालनात पुढे चौकटीत न मावणारी चित्रे येत गेली.

परंपरा म्हणजे कोणती परंपरा?

१८५७ मध्ये स्थापन झालेल्या सर ज. जी. कलाशाळेने महाराष्ट्रात रुजविलेली परंपरा तैलरंग, जलरंग, मानवाकृतीचा अभ्यास आणि यथार्थदर्शन यांची होती. ती परंपरा साऱ्या दीड-पावणेदोनशे वर्षांची. मराठवाड्यातील अभ्यासकाला याची जाणीव करून देण्याची खरे तर आवश्यकता नसावी. अजिंठ्याच्या लेण्यांतील भिंती माती, भाताचा तूस आणि वनस्पतींचे तंतू यांच्या गिलाव्याने लिंपून, त्यावर चुन्याचा पातळ हात देऊन, कोरड्या पृष्ठभागावर रंगविलेल्या आहेत. कालगणनेच्या न्यायाने पाहता ताणलेल्या कॅनव्हासवरील तैलरंग हेच या भूमीत अपारंपरिक तंत्र ठरते. परंतु कलाशाळा, प्रदर्शने आणि पारितोषिके यांच्या व्यवस्थेत हा क्रम उलटा झाला आणि माती, शेण, गेरू, पीठ ही द्रव्ये दालनात येताच ‘प्रयोग’ म्हणविली जाऊ लागली.

हा उलटा क्रम १९७५ च्या एका प्रदर्शनात जितका स्पष्ट दिसतो तितका अन्यत्र दिसत नाही.

सवाशिणींचा चौक आणि कागदावरील सही

१९७५ मध्ये गॅलरी केमोल्डने जिव्या सोमा म्हसे (१९३४–२०१८) यांची वारली चित्रे प्रदर्शित केली. म्हसे हे तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील (२०१४ पासून पालघर) डहाणू तालुक्यातील गंजाड येथील रहिवासी. त्यांची व शहराची गाठ घालून देणारे भास्कर कुलकर्णी हे कलाशाळेत शिकलेले, विणकर सेवा केंद्रात काम केलेले आणि त्यापूर्वी दुष्काळी बिहारमध्ये मिथिलेच्या स्त्रियांच्या हाती कागद देऊन आलेले चित्रकार होते. वारली पाड्यांवरही त्यांनी कागद नेला.

कागद येण्यापूर्वी या चित्राची रीत निराळी होती. लग्नाच्या वेळी झोपडीच्या आतल्या कुडाच्या भिंतीला शेणामातीचा आणि गेरूचा हात देऊन, बांबूच्या काडीचे टोक चावून केलेल्या कुंचल्याने, तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रंगात सवाशिणी चौक लिहीत. चौकाच्या मध्यभागी पालघट देवी असे. धवलेरी गाणी म्हणे आणि त्या गाण्यांच्या साक्षीने लग्न लागे. चित्र विधीचा भाग होते. विधी आटोपला की त्याचे कामही आटोपले. धूर, ओल आणि पुढचे सारवण यांत ते विरून जाई. त्याला धनी नव्हता आणि सहीही नव्हती.

कागदावर येताच यातील जवळजवळ प्रत्येक गोष्ट पालटली. चित्र टिकाऊ झाले, नेता येण्याजोगे झाले आणि त्याला एक कर्ता लाभला. हा कर्ता पुरुष होता. सवाशिणींनी जपलेली रेषा कागदावर पुरुषाच्या हाती गेली, याची नोंद कलासमीक्षेने घेतली खरी. पण बहुधा एका वाक्यात. त्या वाक्याला अधिक विस्तार मिळणे न्याय्य ठरेल. कारण १९७६ मध्ये म्हसे यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, ते सर्व योग्यच होते. परंतु ज्या स्त्रियांच्या हातून हे ज्ञान आले त्यांची नावे त्या प्रदर्शनाच्या इतिहासात येत नाहीत.

याचा अर्थ म्हसे यांनी केवळ उसनवारी केली असा मुळीच नाही. बालपणी आई गेल्यावर ते बराच काळ अबोल झाले होते आणि धुळीत चित्रे काढून बोलत, असे त्यांच्याविषयी सांगितले जाते. चौकाच्या ठरीव मांडणीतून त्यांनी रेषा बाहेर काढली. मासेमारीचे जाळे हा त्यांचा आवडीचा विषय पाहावा: हजारो बारीक रेषांनी विणलेले जाळे साऱ्या पृष्ठभागावर पसरलेले असते आणि माणसे, मासे, झाडे त्याच्या काठाशी लहान होऊन उरतात. असे चित्र लग्नाच्या भिंतीवर असण्याचे कारण नव्हते. विधीपासून सुटल्यामुळेच ते शक्य झाले. लाभ आणि हानी येथे एकाच व्यवहारातून आलेली आहेत. त्यांचा हिशेब वेगवेगळा मांडता येत नाही.

तंत्राच्या दृष्टीनेही हा पालट पाहण्यासारखा आहे. म्हसे यांच्या नंतरच्या चित्रांचे माध्यम संग्रहालयांच्या नोंदींत ‘कागदावर (किंवा कापडावर) शेण आणि ॲक्रिलिक’ असे आढळते. म्हणजे भिंत पातळ होऊन कापडावर आली आणि तांदळाची जागा कारखान्यातील पांढऱ्या रंगाने घेतली. पार्श्वभूमी गावाची, रेषा बाजाराची! समकालीन दालनाच्या अटी किती मुकाट्याने द्रव्यापर्यंत पोहोचतात, याचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण.

दुकानी रंग : बरवे आणि दोडिया

विणकर सेवा केंद्रातूनच आलेले आणि केमोल्डमध्ये प्रदर्शने केलेले दुसरे चित्रकार म्हणजे प्रभाकर बरवे (१९३६–१९९५). अलिबागजवळच्या नागावचा त्यांचा जन्म. कलाशाळेनंतर १९६१ मध्ये ते विणकर सेवा केंद्रात रुजू झाले, काही वर्षे वाराणसीस राहिले, तेथील तांत्रिक प्रतिमांचा त्यांच्यावर काही काळ प्रभाव राहिला. त्यांच्या तंत्रातील खरा बदल त्यानंतरचा आहे. कलाशाळेने प्रतिष्ठित केलेला तैलरंग सोडून त्यांनी दारे-खिडक्या आणि लोखंडी कपाटे रंगविण्यासाठी हार्डवेअरच्या दुकानात डब्यातून मिळणारा एनॅमल रंग कॅनव्हाससाठी स्वीकारला.

हा रंग प्रवाही, चकचकीत आणि लवकर धरणारा असतो. त्यात छटा एकमेकींत हळुवार मिसळता येत नाहीत. कुंचल्याचा फटकारा त्यात उरत नाही, पृष्ठभाग सपाट होतो. बरव्यांना नेमका हाच गुण हवा होता. पान, फळ, घड्याळ, शिंपला, अक्षर अशा नित्याच्या वस्तू त्यांच्या चित्रांत परस्परांपासून अंतर राखून, सावलीवाचून, जणू विचारांच्या पातळीवर तरंगत राहतात. भावनेचा फटकारा दाखविणारा तैलरंग या शांततेला पोषक ठरला नसता. मराठी कलाविचाराच्या दृष्टीने महत्त्वाची बाब अशी, की या चित्रकाराने आपली विचारप्रक्रिया ‘कोरा कॅनव्हास’ (१९९०) या ग्रंथात मराठीतच मांडली. तंत्र आणि चिंतन यांचा इतका जवळचा संबंध आपल्या भाषेत अन्य कोणा चित्रकाराने क्वचितच उलगडून दाखविला असेल.

तत्पूर्वी भूपेन खक्कर (१९३४–२००३) यांनी १९६५ च्या सुमारास देवादिकांच्या बाजारी छापील चित्रांचे कातरलेले तुकडे आपल्या चित्रांत चिकटविले होते, आणि १९७२ मधील केमोल्डच्या प्रदर्शनाला जोडून कलावंताच्या थोरवीची थट्टा करणारी सूचिपुस्तिका काढली होती. पेशाने हिशेबनीस असलेल्या या चित्रकाराने सुरुचीची जी चेष्टा आरंभिली, तिचे गंभीर रूप अतुल दोडिया यांच्या कामात आढळते. १९५९ मध्ये जन्मलेल्या दोडिया यांचे पहिले एकल प्रदर्शन १९८९ मध्ये केमोल्डमध्येच झाले. २००० नंतर त्यांनी दुकानांना असतात तशा गुंडाळीच्या लोखंडी शटरवर एनॅमलने चित्रे काढली. शटर वर सरकवले की मागे दुसरे चित्र दिसते. १९९२–९३ च्या दंगलींत मुंबईने ओढून घेतलेली शटरे ज्याने पाहिली त्याला या माध्यमाचे स्पष्टीकरण द्यावे लागत नाही. ‘महालक्ष्मी’ (२००२) या कृतीत शटरवर कॅलेंडरातील लक्ष्मी आहे आणि मागे हुंड्याच्या विवंचनेत गळफास घेतलेल्या तीन बहिणी आहेत. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलग्यांमागे ८०७ मुली होत्या. हा आकडा ठाऊक असलेल्या वाचकाला ते शटर मुंबईपुरते वाटणार नाही.

पुसले जाणारे चित्र

१९९२ मध्ये नलिनी मलानी यांनी केमोल्डमध्ये ‘सिटी ऑफ डिझायर्स’ हे प्रदर्शन केले. त्यांनी दालनाच्या भिंतींवरच चित्रे काढली आणि सुमारे पंधरवड्याने प्रदर्शन संपताच ती पांढऱ्या रंगाखाली पुसून टाकली. राजस्थानातील नाथद्वारा येथील भित्तिचित्रांची हेळसांड हा त्यामागील एक संदर्भ होता. विकण्याजोगे काहीही मागे उरणार नाही असे प्रदर्शन एका व्यापारी दालनाने मांडावे, ही घटना स्वतंत्र नोंद घेण्याजोगी आहे. चौकटीच्या कारखान्यापासून निघालेला प्रवास या पंधरवड्यात चौकटीविना उभा राहिला.

दोन वर्षांनी, १९९४ मध्ये, रुम्माना हुसेन (१९५२–१९९९) यांनी त्याच दालनात फुटकी मातीची मडकी, आरसे आणि गेरू यांची मांडणी केली. बाबरी मशिदीच्या विध्वंसानंतर व मुंबईच्या दंगलींनंतर त्यांनी रंगचित्र मागे टाकले होते. गेरू या द्रव्याची केमोल्डमधील ही दोन रूपे शेजारी ठेवून पाहावीत: १९७५ मध्ये तो लग्नाच्या भिंतीची आठवण घेऊन आला, १९९४ मध्ये तो फुटलेल्या घराची खूण म्हणून आला.

मलानींचे चित्र पंधरवड्यात पुसले गेले. सवाशिणींचे चौक त्याआधी पिढ्यान्‌पिढ्या पुसले जातच होते. पहिल्याला कलेतिहासात कालमर्यादित कलाकृती असे नाव मिळाले, छायाचित्रे राहिली, चर्चा झाली. दुसऱ्यांची विधीबाहेर नोंद झाली ती प्रामुख्याने मानववंशशास्त्राच्या वहीत. हा भेद चित्रांच्या गुणवत्तेतून आलेला नाही, तो ती चित्रे कोणत्या भिंतीवर होती यातून आलेला आहे. मलानींना याचा दोष देणे अन्यायाचे होईल. शाश्वत वस्तूच्या बाजारपेठेला त्यांनी दिलेले उत्तर धाडसाचेच होते. तथापि अभ्यासकाने दोन्ही भिंतींना एकच मापदंड लावावयास हवा.

पुन्हा भिंतीवर

वारली चित्रकलेला पुढे भौगोलिक मानांकन मिळाले आणि तिचा उगमप्रदेश कायद्याने निश्चित झाला. दरम्यान ती रेषा साडीवर, कपबशीवर, लग्नपत्रिकेवर गेली होती. मराठवाड्यात ती मुख्यतः शाळांच्या भिंतींवर आढळते. बीड जिल्ह्यातील वाचकाला मुंबईच्या दालनात जाण्याचा योग येवो न येवो, तारपा वाजविणाऱ्याभोवती वळण घेत नाचणारी ती त्रिकोणी माणसे त्याने कोठल्या ना कोठल्या शाळेच्या आवारात पाहिलेली असतात. या भिंतीला गेरूऐवजी विटकरी डिस्टेंपर असतो आणि रेषेला तांदळाऐवजी डब्यातला पांढरा ऑइलपेंट. जेथे भातशेती नाही तेथे भाताची लावणी रंगविलेली असते. काम बहुधा दुकानांच्या पाट्या लिहिणाऱ्या पेंटरचे असते. पालघट देवी त्यात नसते, सवाशिणींचा उल्लेख नसतो, म्हसे यांचाही नसतो. खालच्या कोपऱ्यात मात्र त्या पेंटरचे नाव आणि त्याचा मोबाईल क्रमांक लिहिलेला असतो.