एक लेखणी, आठ नांवें

एका लेखकाचीं अनेक नांवें हा प्रकार मराठी वाचकाला अपरिचित नाहीं. राम गणेश गडकरी यांनीं नाटकें स्वतःच्या नांवानें लिहिलीं, कविता 'गोविंदाग्रज' या नांवानें लिहिल्या आणि विनोदी लेख 'बाळकराम' या नांवानें. लिहिणारा हात एकच. परंतु नांव पाहतांच आपल्यापुढें कोणतें ताट येणार, हें वाचकाला कळत असे. याच रीतीचा उपयोग विसाव्या शतकांतील एका इंग्रज लेखिकेनें इतक्या मोठ्या प्रमाणावर केला कीं, तिच्या लक्षावधि वाचकांपैकीं पुष्कळांना तिचें खरें नांव कधींच कळलें नाहीं. तें नांव एलिनॉर हिबर्ट. जीन प्लेडी, व्हिक्टोरिया हॉल्ट आणि फिलिपा कार या तीन नांवांनीं तिचीं पुस्तकें जगभर गेलीं. आणखी पांच नांवें तिनें वापरून बाजूला ठेवलीं. १९९३ सालीं ती वारली तेव्हां तिच्या पुस्तकांची संख्या दोनशेंच्या घरांत होती आणि खपलेल्या प्रतींचा अंदाज दहा कोटींचा होता. हा केवळ धंद्याचा हिशेब होता, कीं त्यामागें कथालेखनाचा कांहीं विचारहि होता, हें तपासून पाहण्यासारखें आहे.

एलिनॉर ॲलिस बर्फर्ड हिचा जन्म १ सप्टेंबर १९०६ रोजीं लंडनमध्यें झाला. घरची स्थिति बेताची. वडील मिळेल तें काम करून संसार चालवीत. परंतु त्यांना वाचनाचा नाद होता आणि तोच त्यांनीं मुलीला लावला. चौथ्या वर्षीं ती वाचूं लागली. पुढें तिनें लघुलेखन, टंकलेखन आणि परभाषा यांचें शिक्षण घेतलें आणि हॅटन गार्डन या लंडनच्या जवाहिऱ्यांच्या पेठेंत नोकरी धरली. रत्नें तोलावयाचीं आणि पत्रें टाइप करावयाचीं, असें तेथील काम होतें. विशींतच जॉर्ज पर्सिव्हल हिबर्ट या कातड्याच्या घाऊक व्यापाऱ्याशीं तिचा विवाह झाला. पति वयानें बराच वडील होता, पण त्यालाहि पुस्तकांची आवड होती. पोटासाठीं नोकरी करण्याची गरज उरली नाहीं, दिवसाचा वेळ हातीं आला, आणि एलिनॉरनें लेखिका व्हावयाचें ठरविलें.

यानंतरचीं वर्षें अपयशाचीं होतीं. ब्राँटी भगिनी, डिकन्स, ह्यूगो आणि टॉलस्टॉय हे हिबर्टबाईंचे आदर्श. १९३० नंतरच्या दशकांत त्यांनीं समकालीन जीवनावर नऊ मोठमोठ्या गंभीर कादंबऱ्या लिहिल्या. त्यांपैकीं एकहि कोणा प्रकाशकानें स्वीकारली नाहीं. दैनिकांतून लघुकथा मात्र छापून येत. नऊ हस्तलिखितें परत आल्यावर दहावें लिहावयास बसणें, ही गोष्ट सामान्य नव्हे. अखेर एका दैनिकाच्या साहित्य-संपादकानें त्यांना स्पष्टच सांगितलें कीं, हा मार्ग तुमचा नव्हे. खपेल असें कांहीं लिहा, आणि त्यांत सोपी म्हणजे प्रणयकथा. हा सल्ला कोणाहि मानी लेखकाला झोंबला असता. हिबर्टबाईंनीं तो शिष्याच्या वृत्तीनें घेतला. वीस प्रणयकादंबऱ्या मिळवून त्यांनीं वाचल्या, त्यांची घडण कशी असते तें पाहिलें, आणि मग 'डॉटर ऑफ ॲना' ही कादंबरी लिहिली. १९४१ सालीं ती 'एलिनॉर बर्फर्ड' या माहेरच्या नांवानें प्रसिद्ध झाली. आगाऊ रक्कम मिळाली ती तीस पौंड. या नांवानें पुढें वीस वर्षें हलक्याफुलक्या प्रणयकथा निघत राहिल्या. त्यांचें वाङ्मयीन मोल फारसें नसेल. पण वाचकाला पान उलटावयास लावणें ही एक स्वतंत्र विद्या आहे, आणि ती या शाळेंत साध्य झाली.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत हिबर्ट दांपत्य कॉर्नवॉल परगण्यांत लू या गांवाजवळ राहत होतें. तेथील एका समुद्रकिनाऱ्याला प्लेडी म्हणतात. १९४५ सालीं ऐतिहासिक कादंबरीसाठीं वेगळें नांव हवें झालें, तेव्हां आडनांव या किनाऱ्यावरून घेतलें. आणि पुस्तकाच्या पाठीवर जागा थोडी लागते, म्हणून 'जीन' हें आटोपशीर नांव एजंटानें सुचविलें. १९४९ सालीं आठवा हेन्री आणि ॲन बोलिन यांच्यावरील कादंबरी निघाली आणि या नांवाला त्याचा मार्ग सांपडला. फ्रान्सची कॅथरीन द मेदिची, स्पेनची इझाबेला, स्कॉटलंडची मेरी अशा राण्या एकामागून एक त्यांच्या कथांत येऊं लागल्या. या नांवावर सुमारें नव्वद पुस्तकें जमा आहेत. यांतील पद्धति अभ्यासकाची होती. जेम्स अँथनी फ्रूड, ॲग्नेस स्ट्रिकलंड यांच्यासारख्या इतिहासकारांचे ग्रंथ समोर ठेवून लेखन होई, आणि वापरलेल्या ग्रंथांची यादी कादंबरीला जोडली जाई. केन्सिंग्टनच्या सार्वजनिक ग्रंथालयानें तर त्यांना गाडाभर ग्रंथ एकदम नेण्याची सवलत दिली होती.

याच सुमारास इतर नांवेंहि जन्मास आलीं. 'एलिनॉर' आणि 'बर्फर्ड' यांचे तुकडे जोडून 'एल्बर फोर्ड' हें नांव तयार झालें. त्या नांवानें गाजलेल्या खऱ्या खुनांवर चार कादंबऱ्या निघाल्या. त्यांत पत्नी आणि सासू यांना विष घालणारा, १८६५ सालीं फांशीं गेलेला ग्लासगोचा डॉक्टर प्रिचर्ड आहे. 'कॅथलीन केलो' हिच्या वांट्याला गुन्हेगारीच्या आणि रहस्याच्या कथा आल्या. 'एलिनॉर ॲलिस' यावरून झालेली 'एलॅलिस टेट' ऐतिहासिक प्रणयकथा लिही, आणि 'ॲना पर्सिव्हल' या नांवांत पतीचें मधलें नांव आहे.

इतक्या नांवांचें पहिलें कारण व्यवहाराचें होतें. एका लेखकाचीं वर्षाला एक-दोनच पुस्तकें काढणें प्रकाशकाला सोयीचें वाटतें. जास्त निघालीं तर तीं एकमेकांच्या खपावर उठतात. हिबर्टबाईंची लेखणी तर त्याहून कितीतरी वेगानें चाले. म्हणून निरनिराळ्या प्रकाशकांकडे निरनिराळीं नांवें गेलीं. परंतु दुसरें कारण अधिक महत्त्वाचें आहे. वाचनालयांत राजाराण्यांची कथा मागणाऱ्या गृहिणीच्या हातीं विषप्रयोगाची कथा पडूं नये, हा त्यांत वाचकाशीं केलेला करार होता. नांव म्हणजे वचन. आणि वचन एकदां दिलें कीं तें दर पुस्तकांत पाळावयाचें.

या करारांपैकीं सर्वांत यशस्वी ठरला तो व्हिक्टोरिया हॉल्टचा. गॉथिक पद्धतीची कादंबरी पुन्हा लिहून पाहावी, असें अमेरिकेतील एजंट पॅट्रिशिया शार्टल मायरर यांनीं सुचविलें. किनाऱ्यावरील मोठा वाडा, त्यांत दडलेलें जुनें रहस्य आणि तेथें एकटी येणारी तरुणी, हा तिचा नेहमींचा साचा. १९६० सालीं 'मिस्ट्रेस ऑफ मेलिन' प्रसिद्ध झाली. मार्था ली ही निर्धन तरुणी कॉर्नवॉलमधील माउंट मेलिन या वाड्यांत ॲल्व्हीन नांवाच्या मुलीची शिक्षिका म्हणून येते. घरधनी कॉनन ट्रेमेलिन अबोल आहे. त्याची पत्नी ॲलिस आगगाडीच्या अपघातांत गेली असें सर्व सांगतात, पण तेवढ्यानें मार्थाचें समाधान होत नाहीं. शार्लट ब्राँटीची 'जेन एअर' आणि डॅफ्ने द्यु मॉरिएची 'रेबेका' या दोन्ही कादंबऱ्यांची छाया येथें उघड दिसते. पुस्तक इतकें गाजलें कीं, व्हिक्टोरिया हॉल्ट म्हणजे द्यु मॉरिएच असावी, अशी चर्चा सुरू झाली. खरी लेखिका कोण, हें रहस्य जवळजवळ आठ वर्षें टिकलें.

या लेखनपद्धतीचें मर्म उत्कंठेच्या प्रकारांत आहे. जीन प्लेडी बहुधा तृतीयपुरुषी निवेदनानें लिहिते आणि तिच्या वाचकाला शेवट आधींच ठाऊक असतो. १९ मे १५३६ रोजीं ॲन बोलिनचा शिरच्छेद झाला, हें इंग्लंडमधील शाळकरी मुलालाहि माहीत असतें. तरीहि वाचक पुढें वाचतो. रावण मरणार हें जाणणारा श्रोता कीर्तनांत मध्यरात्रीपर्यंत बसतोच ना? येथें 'काय होणार' हा प्रश्न नसतो, 'तेथपर्यंत कसें आलें' हा असतो. व्हिक्टोरिया हॉल्टचें याच्या अगदीं उलट. तेथें नायिका 'मी' म्हणून बोलते आणि वाचकाहून एक अक्षरहि तिला अधिक ठाऊक नसतें. ती पोरकी असते, कारण आधार असता तर तिनें सल्ला विचारला असता. ती गरीब असते, कारण पैसा असता तर ती पहिल्याच भीतीनें घर सोडून गेली असती. आणि ज्याच्यावर तिचें मन जडतें तोच अपराधी असण्याचा संभव शेवटपर्यंत टळत नाहीं. प्रेम आणि भय यांचा गुंता होतो तो असा. जी योजना वरवर ठराविक दिसते, तिच्यांतील प्रत्येक खिळा उत्कंठेसाठीं ठोकलेला असतो. दोन पद्धतींची सरमिसळ झाली असती तर दोन्ही बिघडल्या असत्या: सर्वज्ञ निवेदकानें हॉल्टचें रहस्य फोडलें असतें, आणि प्लेडीनें माहीत असलेला इतिहास झांकला असता तर वाचक हंसला असता.

मग १९७२ सालीं या दोहोंचा मिलाफ करणारें तिसरें नांव आलें, तें फिलिपा कार. 'द मिरॅकल ॲट सेंट ब्रूनोज' या पहिल्या कादंबरीचा काळ आठव्या हेन्रीनें मठ बंद केले तो आहे. पुढच्या सुमारें वीस कादंबऱ्यांत एकाच घराण्यांतील स्त्रियांच्या पिढ्या आपापली कहाणी स्वतः सांगतात, आणि मालिका दुसऱ्या महायुद्धापर्यंत येऊन पोंचते. येथील योजना मार्मिक आहे. राजा मठांवर हात टाकणार हें वाचकाला ठाऊक, पण नायिकेला नाहीं. उलट तिच्या घरांतील गुपित दोघांनाहि अज्ञात. अशा रीतीनें प्लेडीची उत्कंठा आणि हॉल्टची उत्कंठा एकाच कथेंत दोन पेडांसारख्या वळल्या गेल्या.

हें सारें काम कसें होई? प्रतिभेच्या लहरीची वाट पाहणें हिबर्टबाईंच्या स्वभावांत नव्हतें. आठवड्याचे सातहि दिवस सकाळीं साडेसातच्या सुमारास त्या टंकलेखन-यंत्रापुढें बसत आणि दुपारच्या जेवणापर्यंत पांच हजार शब्द पुरे करीत. तिसऱ्या प्रहरीं वाचकांच्या पत्रांना स्वतः उत्तरें लिहीत किंवा ग्रंथालयांत जात. सायंकाळीं जोडीदार मिळाल्यास बुद्धिबळें खेळत. केंट परगण्यांतील सँडविच येथें 'किंग्ज लॉजिंग' नांवाचें तेराव्या शतकांतील घर त्यांनीं घेऊन हौसेनें दुरुस्त केलें. परंतु तें लंडनपासून दूर पडूं लागल्यावर त्या रॉयल आल्बर्ट हॉलसमोर राहावयास आल्या. हिंवाळ्यांत आगबोटीनें दूरचा प्रवास करावयाचा, असा परिपाठ होता. हॉल्टच्या कथा ऑस्ट्रेलिया, इजिप्त, हाँगकाँग, सिंहलद्वीप अशा दूरच्या भूमींवर वरचेवर जातात, त्यांत या प्रवासांचा वांटा असलाच पाहिजे.

हॉल्टची एक कथा हिंदुस्थानांतहि येते. १९८८ सालच्या 'द इंडिया फॅन' मध्यें मोरपिसांचा एक पंखा अपशकुनी मानला जातो आणि नायिका १८५७ च्या उठावाच्या वेळीं येथें येऊन पोंचते. येथेंच त्या पद्धतीची मर्यादा दिसून येते. सर्व कांहीं एका इंग्रज तरुणीच्या डोळ्यांनीं दिसावयाचें, त्यामुळें उठावाचीं कारणें आणि येथील माणसांचीं मनें तिच्या बंगल्याच्या बाहेरच राहतात. 'मी' या निवेदनानें उत्कंठा मिळते. पण 'मी' ला जें दिसत नाहीं तें सारें कथेबाहेर पडतें. घरांतील रहस्याला ही किंमत परवडते, एका देशाच्या उठावाला परवडत नाहीं.

आणखी एक किंमत लेखिकेला स्वतःला द्यावी लागली. हिबर्ट हें नांव तिच्या एकाहि कादंबरीवर आलें नाहीं. प्लेडीला तिचे वाचक, हॉल्टला तिचे आणि कारला तिचे; तिघींचें श्रेय एकीच्या पदरांत एकत्र पडावें असें झालें नाहीं, आणि वाङ्मयाच्या इतिहासकारांनींहि अशा लेखनाकडे वाचनालयांतील करमणूक म्हणूनच पाहिलें. परंतु करमणूक हा शब्द येथें तुच्छतेनें वापरणें न्याय्य नाहीं. महान लेखिका होण्याच्या इच्छेनें लिहिलेल्या नऊ कादंबऱ्या वाचकांपर्यंत पोंचल्याच नाहींत. वाचकाला काय ठाऊक आहे आणि काय नाहीं, याचा विचार करून लिहिलेल्या दोनशें पुस्तकांनीं कित्येक सामान्य घरांत ट्यूडर राण्यांची ओळख करून दिली. ही सेवा इतिहासाचीहि आहे.

१८ जानेवारी १९९३ रोजीं अथेन्स आणि पोर्ट सैद यांच्या दरम्यान 'सी प्रिन्सेस' या बोटीवर एलिनॉर हिबर्ट यांचें निधन झालें आणि त्यांना समुद्रांतच दफन करण्यांत आलें. त्याच वर्षीं व्हिक्टोरिया हॉल्टची 'द ब्लॅक ओपल' ही कादंबरी बाहेर पडली. लेखिका गेली होती, तरी तिच्या नांवानें दिलेलें वचन ठरल्याप्रमाणें वाचकांच्या हातीं पडलें.